तारखेच्या आत

बोगद्याच्या चढावर, तिसऱ्या गिअरात,
मागे कंटेनर लागलेला असताना
तो लागतो.
पिवळा. इंजिनाचं चित्र म्हणतात त्याला,
मला तो नळाच्या तोटीसारखा दिसतो,
थेंब पडायच्या आधीच्या.

शिवापुरात पतपेढीच्या दाराशी गाडी बंद करून
पुन्हा चालू करावी, तर विझलेला.
संध्याकाळी उतारावरही नाही.
आणि नऱ्ह्याच्या सर्व्हिस सेंटरच्या फाटकात तर
इतका शहाणा,
जसं पाहुण्यांसमोर हाताची घडी घातलेलं पोर.

वॉरंटी संपायला अकरा दिवस.

काउंटरवरचा सुमेध, गळ्यात पट्टा, हातात टॅब्लेट,
म्हणाला, स्कॅनरवर काहीच येत नाही, मॅडम.
पेट्रोल कुठलं भरता?
झाकण घट्ट लावता ना?
सरांना घेऊन या एकदा, सर सांगतील नीट.
गाडी शिरीष केंजळ्यांच्या नावावर आहे
हे त्याला टॅब्लेटने सांगितलं होतं.
पुढचं टॅब्लेटला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, सर येत नाहीत.
त्याने कुठेतरी टिक केलं.

आठ दिवस. व्हिडिओ काढला,
एका हाताने, म्हणजे चुकलंच माझं.
त्यात वायपर दिसतो, माझा अंगठा दिसतो,
कंटेनरचा भोंगा ऐकू येतो.

माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते.
बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणायचे,
कागदाला तारीख असते.
मीही चोवीस वर्षं खिडकीच्या आतून
लोकांना तेच सांगते आहे:
मुदत संपली, काका, व्याज थांबलं.
बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर कळलं
काच केवढी जाड असते ती.

चार दिवस. म्हटलं, दुरुस्त नका करू,
लिहून तेवढं घ्या.
ग्राहकाची तक्रार: चढावर दिवा लागतो.
आजची तारीख. शिक्का.
दिसलाच नाही तर लिहू कसं, मॅडम?
तुम्हाला दिसला नाही असं लिहा.
मला दिसला, तेही लिहा.

मागे कोणीतरी हसलं.
दस्तगीर. काळी नखं, कानामागे टेस्टर.
म्हणाला, चढ कुठला? चला.

शेजारच्या सीटवर त्याने आधी वर्तमानपत्र पसरलं,
डाग पडू नये म्हणून,
मग बसला, अंग चोरून.
नवले पूल मागे गेला. तिसरा टाका.
दाबा थोडं. अजून.
येऊ दे त्या कंटेनरला, तो काय खातोय का आपल्याला.
बोगद्याच्या तोंडाशी
लागला.

आला की हो! म्हणाला दस्तगीर,
चुकलेली म्हैस सापडावी तसा.
आणि खोटं कशाला बोलू,
मलाही बरं वाटलं.
इतक्या दिवसांत पहिल्यांदाच
माझ्या गाडीत आणखी कोणी
तेच बघत होतं.

सेन्सर निघाला, बोटाएवढा.
जॉब कार्डावर सत्तावीस तारीख, रक्कम शून्य.
दोनदा वाचलं.
कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन झेरॉक्सही काढली,
दोन रुपये गेले तेवढेच.

काल भोरच्या एका खातेदाराने
दहा किलो इंद्रायणी आणून दिला, घरचा आहे म्हणाला.
डिकीत पतपेढीची जुनी रजिस्टरं,
म्हणून पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली.
बोगद्याच्या अलीकडे टिंग टिंग.
नजर आधी पिवळ्याच्या जागी गेली.
तिथे काही नव्हतं.
लाल लागला होता, दुसरीकडे:
शेजारच्यांनी पट्टा लावावा.

गाडी कडेला घेतली.
तांदळाच्या पोटावरून पट्टा ओढून
खटकन लावला.
उतारावरून सावकाश आलो,
दोघं.